अर्ध्या मिलिमीटरची मोकळीक

३ फेब्रुवारी

नव्या ब्रेकची चित्रं तपासायला घेतली आणि पहिल्याच पानावर डोकं तापलं.

चित्र आमच्याकडे नव्याने लागलेल्या इंजिनिअर मुलीने काढलेलं. कारखान्यात तिला सगळे दशांश म्हणतात, कारण चहाला किती वेळ आहे हेसुद्धा ती साडेबारा मिनिटं असं सांगते. मुलगी हुशार आहे, पण हात सैल. हा ब्रेक हॉस्पिटलातल्या उचलयंत्राचा. ज्यांना उठता येत नाही त्यांना झोळीत घालून पलंगावरून खुर्चीत ठेवायचं यंत्र. हँडल सोडलं की आतल्या स्प्रिंगने ब्रेकची चकती दाबून धरायची आणि झोळी आहे तिथे थांबवायची, एवढंच आमच्या ब्रेकचं काम. यंत्रवाल्या कंपनीला ब्रेक निम्म्या जाडीचा हवा आहे. म्हणून आमची जुनी, गोल तारेची उंच स्प्रिंग गेली आणि तिच्या जागी ही वेव्ह स्प्रिंग आली: चपट्या पट्टीचे वेढे, प्रत्येक वेढा लाटेसारखा वरखाली, एका लाटेचा माथा वरच्या वेढ्याला टेकलेला. तेवढाच जोर, निम्म्या उंचीत. दिसायला देखणी आहे, हे मी मान्य करते.

पण भोक केवढं! स्प्रिंगचा व्यास एक्केचाळीस पूर्णांक सहा मिलिमीटर आणि मुलगी तिला बेचाळीस पूर्णांक पाचच्या भोकात सोडते. घागरीत खडा टाकल्यासारखी. स्प्रिंग भोकात खुळखुळता कामा नये, हे बाबांनी मला कामाच्या पहिल्या आठवड्यात शिकवलं, त्याला आता एक्केचाळीस वर्षं होतील. मी लाल पेन्सिलने पूर्णांक पाच खोडलं, बेचाळीस केलं, सही ठोकली.

"ताई, पण ही स्प्रिंग दाबली की..." दशांश म्हणाली.

मी चष्म्यावरून बघितलं. ती गप्प झाली. बाबांच्या वेळेपासून आमच्याकडे लाल खूण झाली की चर्चा संपते. त्यामुळेच हा कारखाना टिकला.

दुपारी स्प्रिंगवाल्याचा फोन. हा माणूस बोलत नाही, बोंबलतो. दिवसभर मशिनीजवळ उभा राहून कान गेलेले, म्हणून दुसऱ्यांचेही घालवतो. "बाई, नवीन चित्र आलं. भोक लहान केलंत का?" मी म्हटलं, "आमच्याकडची भोकं आम्ही ठरवतो. तुम्ही स्प्रिंगा वेळेवर द्या." आणि ठेवून दिला. आपलं सोडून दुसऱ्याच्या कामात नाक खुपसणारी माणसं मला सहन होत नाहीत.

१९ एप्रिल

आज जेवण गेलं नाही.

यंत्रवाल्या कंपनीचा निरोप आला. एका हॉस्पिटलात झोळी थांबवल्यावर हळूहळू खाली सरकत राहिली आणि मग एकदम सुटली. आत एक आजीबाई होत्या. खुर्चीच्या कडेवर आपटल्या, मनगट मोडलं. आपले शहाऐंशी ब्रेक बाहेर गेले आहेत. कंपनीने सगळी यंत्रं थांबवून ब्रेक परत पाठवायला घेतले आहेत, आणि दोष कोणाचा हे पंधरा दिवसांत लेखी हवं आहे.

माझ्या डोळ्यांपुढून ती बाई जात नाही. परक्यांनी झोळीत घातलेलं, पाय लोंबकळत, आणि खालून आधार निघून जातो. कोणाच्या तरी हलगर्जीपणामुळे. तो माणूस मला सापडू दे.

२० एप्रिल

पडलेल्या यंत्राचा ब्रेक आला. मी, धाकटा भाऊ (बाबांच्या मागे कारखाना तोच चालवतो), दशांश आणि टर्नर मामा, चौघांनी मिळून उघडला. मामा कारखान्यात माझ्याही आधीपासून आहेत. ब्रेकची सगळी भोकं त्यांच्याच लेथवर होतात.

स्प्रिंग भोकात अडकून बसली होती. चकतीपर्यंत पुरती पोचलीच नव्हती. मामांनी स्क्रूड्रायव्हरने उचकटली तेव्हा सुटली. आतल्या अल्युमिनिअमच्या भिंतीवर बारीक चरे.

"बघा!" मी म्हटलं. "स्प्रिंगच मेलेली आहे. जोरच नाही तिच्यात. पट्टी हलकी वापरली त्याने."

 मामा चिंध्यांनी हात पुसत राहिले, आधीच स्वच्छ झालेले. दशांशने भोकात बोट फिरवलं, धाकट्याकडे पाहिलं, आणि धाकट्याने खिडकीबाहेर.

"काय रे, तोंड शिवलंय का?"

"नाही ताई. तू म्हणतेस तसंच असेल."

असेल म्हणे! बाबांसारखा आवाज आहे, कणा मात्र नाही.

२२ एप्रिल

स्प्रिंगवाल्याला पत्र लिहिलं. चार वेळा लिहून काढलं. रागात अक्षर बिघडलं की कॉन्व्हेंट शाळेतल्या सिस्टर पान फाडून हातात द्यायच्या आणि म्हणायच्या, आधी हात शांत कर. शेवटचं पान अगदी मोत्यासारखं आलं. 'आपल्या निकृष्ट मालामुळे एका वृद्धेस इजा झाली आहे. यापुढे आपल्याशी व्यवहार होणार नाही, तसेच यंत्र कंपनीलाही आपले नाव कळवण्यात येत आहे.'

धाकट्याला दाखवलं. तो उभ्यानेच वाचत होता, मग बसला.

"ताई, इतकं कडक नको. स्प्रिंगा बदलून घेऊ, झालं."

"बाईचं मनगट मोडलंय."

"तसं नाही गं. त्याची अर्धी कामं त्या कंपनीचीच आहेत. तिथून नाव कटलं तर दुकान बंद करावं लागेल त्याला."

"मग लाव म्हणावं कुलूप!"

तो कानामागे खाजवत राहिला. लहानपणी दुधाचा पेला फोडून आला की असाच उभा राहायचा. पत्राची एक प्रत कंपनीला गेली. मीच टाकली.

२५ एप्रिल

उर्मट माणूस! उत्तरात एकच ओळ: 'स्प्रिंग भोकाबाहेर काढून तपासा.' ना आदर, ना खेद.

मी दशांशला म्हटलं, घे तपासून, कागदच नाकावर मारू त्याच्या. परत आलेल्या ब्रेकमधल्या वीस स्प्रिंगा तिने दाबयंत्रावर घातल्या. ही स्प्रिंग मोकळी किती उंच आहे याला अर्थ नसतो म्हणे. कामाच्या वेळी ती ज्या उंचीला दाबलेली असते त्या उंचीला जोर किती देते, तेवढंच बघायचं. प्रत्येक स्प्रिंग चौदा मिलिमीटरला दाबली, आकडा लिहिला.

वीसच्या वीस बरोबर.

"तुझं यंत्र बिघडलंय," मी म्हटलं.

"नाही ताई. स्प्रिंगा चांगल्या आहेत." हे तिने इतक्या हळू सांगितलं की मला पुन्हा विचारावं लागलं.

"मग अडकली कशी?"

ती माझ्याकडे बघत राहिली. डोळे भरलेले वाटले. मी काय खाते की काय हिला? तेवढ्यात धाकटा आला आणि म्हणाला, ताई, चहा घेऊ या. भर अकरा वाजता चहा! मी मुद्दा सोडत नाही म्हटल्यावर त्याने मला दंडाला धरून उठवलं, जशी मी ऐंशीची आहे.

हल्ली हेच चाललंय. मी खोलीत शिरले की बोलणं थांबतं. काल मामांनी मला जिना उतरताना हात दिला. मागितला होता का मी? काहीतरी लपवतायत सगळे. मला वाटतं धाकट्याने स्वस्तातल्या स्प्रिंगा मागवल्या आणि बाकीच्यांना ते ठाऊक आहे.

२७ एप्रिल

परत आलेले सगळे ब्रेक मामा पुन्हा लेथवर चढवतायत. विचारलं, तर मान खाली घालून म्हणाले, "धाकटे साहेब म्हणाले, आतून साफ करा." इतकी वर्षं मामांनी मला कधी मान खाली घालून उत्तर दिलं नव्हतं. चरे काढतायत, ते ठीकच. पण चऱ्यांच्या मानाने धातूचा छिलका बराच निघताना दिसला.

२९ एप्रिल

आज स्प्रिंगवाल्याच्या दुकानात स्वतः गेले. पट्टी कुठून आणली याची कागदपत्रं मागणार होते आणि त्याच्या तोंडावर बोलणार होते. कोणाला न सांगता गेले.

खोली दोनच मशिनींची. एक पट्टी वाकवणारं, एक दाबणारं. सगळीकडे तेलाचा वास, फळीवर रांगेने स्प्रिंगा, प्रत्येक रांगेवर खडूने नाव. इतकी नीट मांडणी मी माझ्या टेबलावरही कधी ठेवली नाही. तो माझ्यापेक्षा लहान, जाड चष्मा. मला बघून उठला नाही.

"पत्र तुम्हीच लिहिलं?"

"हो."

"अक्षर छान आहे," तो ओरडला.

मी कागद मागितले. त्याने ते न देता एक पोलादी कडं काढलं, आतून बरोबर बेचाळीस. आमची स्प्रिंग त्यात सोडली. अलगद आत गेली, कडेला थोडी जागा राहिली. "आता बघा." कडं तसंच ठेवून वरून दाबायला लागला. लाटा चपट्या होत गेल्या. त्याने मला कड्याला हात लावायला सांगितलं. कडं स्प्रिंगला धरून बसलं होतं, हलेना.

"लाट बसली की ती पसरते, बाई. वरचा उतार गेला की तेवढी पट्टी जाणार कुठं? बाहेर जाते. तुमची स्प्रिंग दाबल्यावर बेचाळीस पूर्णांक एकच्या वर जाते. नवीन असताना कशीबशी सरकते. रोज दाबून दाबून कड अल्युमिनिअममध्ये रुतते, मग अर्धा जोर भिंतीवर, अर्धा चकतीवर. आणि तुमचं भोक बेचाळीस!"

गोल तारेची स्प्रिंगही दाबल्यावर फुगते, पण इतकी थोडी की आम्ही चाळीस वर्षांत कधी मोजली नाही. मी म्हटलं, "मग आमच्या मुलीला हे कळायला नको?"

त्याने ड्रॉवरमधून दोन कागद काढले. पहिला दशांशचा, भाव मागायला पाठवलेला. भोक बेचाळीस पूर्णांक पाच. बाजूला तिच्या बारीक अक्षरात: दाबल्यावर फुगण्यासाठी मोकळीक. दुसरा महिन्याभराने पाठवलेला. त्यावर लाल रेघ. माझी सही.

"मी फोन केला होता. एका बाईंनी ठेवून दिला. आवाज तुमचाच."

 मला त्या क्षणीही रागच आला होता, हे इथे लिहून ठेवते. त्याच्यावर, की त्याने तो कागद जपून ठेवला.

"मग लिहून का नाही कळवलंत?" मी विचारलं.

तो पहिल्यांदाच हळू बोलला. "काम हातचं जाईल म्हणून. तिथं मी चुकलो."

घरी चालत आले. वाटेत दोनदा चुकीच्या गल्लीत शिरले.

३० एप्रिल

सगळ्यांना ऑफिसात बोलावलं. दार लावून घेतलं.

"कधी कळलं तुम्हाला?"

धाकट्याने मामांकडे पाहिलं, मामांनी दशांशकडे.

"विचारतेय मी!"

"ब्रेक उघडला त्या दिवशी," धाकटा म्हणाला. "दशांशला तर आधीपासून..."

"मामा, तुम्हाला?"

"पहिलं भोक केलं तेव्हाच वाटलं होतं, ताई. स्प्रिंग घालून अंगठ्याने दाबून बघितली. घासली."

"मग बोलला का नाहीत?"

"लाल होतं ना," मामा म्हणाले. एवढंच. जणू पाऊस पडत होता असं सांगावं.

दशांश रडायला लागली. मी तिला म्हटलं, रडू नकोस, मला त्याचाही राग येतोय. धाकटा म्हणाला, "ताई, आम्ही भोकं मोठी करून घेतोय. सगळे शहाऐंशी सुरक्षित होतील. कोणाला काही होणार नाही. तुझी निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत. तुला कसं सांगणार होतो? तुझं आयुष्य गेलंय इथे."

"चुकलीस असं सांगायचं. दोन सेकंद लागतात."

"तुला सहन झालं नसतं."

"आणि त्याला सहन होतंय? त्या स्प्रिंगवाल्याला? त्याचं नाव पुसून माझं ठेवणार होतास? मी तुमच्यासमोर बसून त्याला पत्र लिहिलं. चार वेळा! तू उभा राहून वाचलंस!"

"मी म्हटलं होतं, कडक नको..."

मी कागद टोचायचा पंच उचलून टेबलावर आपटला. काच तडकली. एवढा राग मला बाबा गेले तेव्हा डॉक्टरवर आला होता, त्यानंतर आजच. बाई पडली माझ्यामुळे, आणि ही माझी माणसं माझ्याभोवती कापूस गुंडाळत बसली होती. मला चहा पाजत होती. जिन्यात हात देत होती! इतक्या प्रेमाने कोणी कोणाचा अपमान केला नसेल.

सगळ्यांत जास्त हे झोंबतं की पोरीने पहिल्याच दिवशी तोंड उघडलं होतं. मी फक्त बघितलं, आणि ती गप्प झाली. मला ते बघणं चांगलं ठाऊक आहे. मी ते शाळेत शिकले, त्या सिस्टरांकडून. मी ते प्रेमाने जपलं.

२ मे

यंत्र कंपनीला पत्र लिहिलं. हे एकदाच लिहिलं, अक्षर वाईट आलं. चूक स्प्रिंगची नाही, भोकाची. भोक इंजिनिअरने बरोबर काढलं होतं, मी बदललं. बनवणाऱ्याने विचारलं होतं, मी ऐकलं नाही. त्याचं नाव तुमच्या यादीत राहावं. पुढे तपासताना काय बघायचं तेही दशांशकडून समजून घेऊन लिहिलं: दाबलेल्या अवस्थेत स्प्रिंगच्या बाहेर किती मोकळं राहतं, ती पुरती चपटी होईपर्यंत कधी दाबली जाते का, दिवसातून किती वेळा दाबली जाते.

धाकटा म्हणाला, हे पत्र जाणार नाही. बाबांच्या कारखान्याच्या नावावर असं पत्र जाणार नाही.

"बाबांच्या नावावर नाही, माझ्या नावावर जातंय."

"ताई, काम काढून घेतील आपल्याकडून."

"घेऊ दे. तू चांगला माणूस आहेस म्हणून भ्याला आहेस. मी नाही तेवढी चांगली."

कंपनीत मीच नेऊन दिलं. समोरच्या साहेबाने दोनदा वाचलं आणि विचारलं, "तुम्हीच बदललंत? तुम्हीच सांगताय?" मी म्हटलं, हो, दोन्ही मीच. मग त्या बाईंचा पत्ता मागितला. तो देता येणार नाही म्हणाला. बरोबरच आहे त्याचं. माझी एक चिठ्ठी तेवढी त्याने तिच्यासाठी ठेवून घेतली. तिने ती फाडली तरी मला समजेल.

१६ मे

कंपनीने काम काढून घेतलं नाही. नवे ब्रेक आता तिसरं कोणीतरी तपासणार आणि खर्च आमचा. धाकटा माझ्याशी कामापुरतं बोलतो. आज सकाळी माझ्या टेबलाची काच बदलून घेतली, मला न विचारता. 

स्प्रिंगवाल्याचं नाव यादीत राहिलं. तो आज आला. मला वाटलं चार मऊ शब्द बोलेल. आल्या आल्या दारातूनच ओरडला, "बाई, तुमच्यामुळे तीन आठवडे झोप नाही मला. बायको माहेरी सांगून आली होती की आता दुकान विकणार!" मी खुर्ची पुढे केली. बसला नाही. "पुढच्या वेळी यांचं चुकलं की मला बोलवा," तो बाकीच्यांना म्हणाला. "मी येऊन ओरडतो. तुम्हाला कोणाला जमत नाही, मला जमतं." कोणी हसलं नाही. मग मामा हसले.

तो गेल्यावर पुढच्या ब्रेकची चित्रं घेऊन बसले होते. यातली स्प्रिंग आतून दांड्यावर बसते, बाहेर काही नाही. दशांश येऊन उभी राहिली. 

"ताई, तुमचा दांडा चुकलाय. लाल केलाय तो. जाड आहे."

तेच ते बघणं पुन्हा डोळ्यांत येऊ घातलं. मी चष्मा काढून ठेवला, म्हणजे बघता येणार नाही.

"चुकला नाही. दाबली की ही बाहेरच पसरते ना? मग आत मोकळंच होणार."

"पण सोडल्यावर परत आकसते. मोकळी असतानाच ती दांड्याला धरेल. तुम्ही मोकळीक दोनच दशांश ठेवलीत."

"दोन पुरतात!"

"नाही पुरत! पट्टीच्या रुंदीतला फरकच दीड दशांश आहे!"

"कोण म्हणतं?"

"तुम्हीच लिहिलंय, खाली बघा ना!"

मी खाली बघितलं. लिहिलं होतं. पण तो फरक बाहेरच्या बाजूने धरायचा, आतून नाही, हे मी तिला सांगितलं, तर पोरीने टेबलावर हात आपटला. माझ्या नव्या काचेवर! मीही आवाज चढवला. पाऊण तास आम्ही भांडत होतो. धाकटा दोनदा डोकावून गेला, चहाचं नाव काढायची हिंमत झाली नाही त्याची.

शेवटी लेथ थांबल्याचं ऐकू आलं. मामांनी मशीन बंद केलं होतं, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी तिथूनच, गळ्याच्या शिरा ताणून, हाक दिली:

"अहो, दोघींचंही चुकतंय!"

आम्ही दोघी चित्र घेऊन त्यांच्याकडे निघालो, दोघीही संतापलेल्या.